कार्बोरेटरमध्ये पाणी कोण घालतंय

५ जानेवारी, सोमवार

आजपासून लेखी नोंद. विमानाच्या लाइनीत नोंद नाही म्हणजे काम झालंच नाही, असं एकतीस वर्षं लोकांना सांगत आलो. स्वतःचीच नोंद ठेवायची राहिली होती.

परिस्थिती. इंजिन एक, चार सिलिंडरचं, छोट्या दोनसीटर विमानाचं. आमचा फ्लाइंग क्लब बंद झाला तेव्हा निरोपाला शाल नको, हे द्या, म्हणून मी भंगारातून मागून घेतलं. उडण्यासाठी कायमचं बाद. जमिनीवर चालवायला हरकत नाही.

जागा: भाईंदरचं नवघर, बाबुराव भोईर यांच्या घरामागची शेड. इंजिन लोखंडी घोड्यावर, म्हणजे स्टँडवर, पुढे पंखा, पंख्याभोवती जाळी.

उद्देश: घोडबंदरच्या बाजूला विमानाचे मेकॅनिक तयार करणारी एक नवी इन्स्टिट्यूट निघाली आहे. तिथल्या संजना मॅडम ३१ तारखेला, शनिवारी सकाळी नऊला इंजिन बघायला येणार. अर्धा तास न थांबता चाललं तर इंजिन त्यांच्या लॅबमध्ये. आणि इंजिनाबरोबर मी. व्हिजिटिंग फॅकल्टी. असं त्या स्पष्ट बोलल्या नाहीत, पण "सर, तुमच्यासारख्या अनुभवी लोकांची आम्हाला गरज आहे" असं फोनवर म्हणाल्या. याचा दुसरा अर्थ होत नाही. सोसायटीच्या ग्रुपवर कळवून टाकलं. एकवीस अंगठे आले.

अडचण: इंजिन दहा मिनिटांत बंद पडतं.

कारण: कार्बोरेटर. पेट्रोल आणि हवा एकत्र करून इंजिनाला पाजणारा डबा. इंजिनाच्या पोटाखाली असतो. तीन दिवसांचं काम. फार तर चार.

७ जानेवारी, बुधवार

सकाळी ७.३० चालू. ७.४१ बंद. आधी गुरगुर, मग आवाज हळूहळू खाली, मग काळा धूर, मग शांतता.

अशा वेळी माणूस लगेच स्पॅनर घेऊन धावतो. मी धावत नाही. आधी रजिस्टरमध्ये वेळ आणि हवामान. मग स्लिप: कुठला पार्ट, का काढला, कोणी काढला, सही. मग दुसरी प्रत. मग स्पॅनर. बाबुराव शेजारी उकिडवे बसून हे सगळं बघत होते. म्हणाले, आदी उघर, मंग लिव. मी त्यांना समजावलं की एव्हिएशनमध्ये असं नसतं.

वीस मिनिटांनी उघडलं. आत थेंब. बोटावर घेतले, हुंगले. पेट्रोल नाही. पाणी.

पेट्रोल मी काल स्वतः फडक्यातून गाळलंय. म्हणजे पाणी त्यानंतर आलं. आणि पाणी आपणहून येत नाही.

८ जानेवारी, गुरुवार

संशयित क्रमांक एक: पेट्रोल पंप. काचेच्या बरणीत पेट्रोल भरून गॅलरीत ठेवलं. दिवसभर लक्ष ठेवलं. तळाशी पाण्याचा थर नाही. पंप निर्दोष.

संध्याकाळी सुचेता शाळेतून आली आणि विचारलं, लिंबाच्या लोणच्याच्या बरणीत काय आहे. सांगितलं. बायकोला प्रयोगशाळेचं महत्त्व पटवणं हा वेगळाच विषय आहे. तो मी तूर्त हाती घेत नाही.

१० जानेवारी, शनिवार

कार्बोरेटर पूर्ण खोलला. आत फ्लोट असतो, पाण्याच्या टाकीतल्या बॉलसारखा. तो पेट्रोलची पातळी धरून ठेवतो. त्याची सुई बदलली, पातळी लावली. हा पार्ट मी शेकडो वेळा खिडकीतून दिलाय, नंबर अजून पाठ आहे. आतून आज पहिल्यांदा पाहिला, पण अनोळखी वाटला नाही.

निकाल: नऊ मिनिटं. बुधवारी अकरा होती.

काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त. पेट्रोल कमी केलं. निकाल: सात मिनिटं.

उघडल्यावर पुन्हा पाणी.

बाबुराव म्हणाले, त्याला गारठा लागतंय. मी ऐकून घेतलं. बाबुराव बहात्तर वर्षांचे, मूळचे नवघरचे, मिठागरवाले. तरुणपणी मिठागरांवरचे पंप दुरुस्त करायचे, पुढे खाडीतल्या होड्यांची इंजिनं. विमान जमिनीवरून वर बघण्यापुरतंच. तरी माणूस चांगला. शेड वापरू देतात, रोज सकाळी घरातून दोन कप चहा घेऊन येतात. बदल्यात मी त्यांना एव्हिएशनबद्दल सांगतो.

इंजिनाबरोबर एक पत्र्याचा डबा आणि जाड पाइप आला होता. सायलेन्सरभोवतीची गरम हवा त्यातून कार्बोरेटरला देतात. बाबुराव दोनदा त्याच्याकडे बोट दाखवून बोलले. मी सांगितलं, ती सोय परदेशातल्या बर्फासाठी. भाईंदरला जानेवारीतही पंखा लागतो. पाइप मी पहिल्याच दिवशी खिळ्याला टांगलाय.

१२ जानेवारी, सोमवार. दुपारी ३.१०

महत्त्वाची घटना. सकाळी आठ मिनिटांत बंद. दुपारी दोनला सहज पुन्हा चालू केलं. पंचेचाळीस मिनिटं चाललं. मीच बंद केलं, शेवटी पेट्रोल संपेल म्हणून.

कशालाही हात लावला नव्हता. फरक फक्त एक. दुपारी बाबुराव झोपलेले असतात.

मागचं रजिस्टर काढून तक्ता केला. सकाळ, बाबुराव हजर: बंद. सकाळ, बाबुराव हजर: बंद. दुपार, बाबुराव गैरहजर: चालू. एकही अपवाद नाही. मला हा विचार आवडला नाही. पण तक्त्याला आवडनिवड नसते.

सुचेता म्हणते, मग मॅडमना दुपारी बोलवा. म्हणजे कबुलीच देऊ की काय. सकाळी नऊ म्हणजे नऊ.

१३ जानेवारी, मंगळवार

हेतू काय असावा, यावर विचार.

परवा बाबुराव चहा पिताना म्हणाले होते, इंजिन गेला का तू इकरं कशाला येशील. मी तेव्हा हसलो होतो. आज ते वाक्य लिहून काढलं आणि खाली रेघ ओढली. हा माणूस मुलगा-सुनेच्या घरात दिवसभर एकटा. दोघंही कामाला. सकाळी माझ्याशी बोलायला मिळतं तेवढंच. इंजिन दुरुस्त झालं नाही तर इंजिन जाणार नाही. इंजिन गेलं नाही तर मी जाणार नाही.

साधा वाटतो, पण डोकं आहे.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. संशयिताने तिळगूळ दिला. घेतला. खाल्ला. चांगला होता. गोड बोल म्हणाले. मी जपून बोललो.

१६ जानेवारी, शुक्रवार

काल निघताना शेडच्या जमिनीवर तांदळाचं पीठ पातळ भुरभुरवलं. आज सकाळी पावलं सापडली. एक मांजर, दोन वेळा. एक माणूस, अनवाणी, इंजिनापर्यंत आणि परत.

बाबुरावांना सहज विचारलं, काल संध्याकाळी शेडमध्ये कोणी आलं होतं का. मीच आयलो, म्हणाले, इंजिनावर पोतं टाकलं, दव परतंय. मग जमिनीकडे बघून म्हणाले, मुंग्या येतील रं.

इतक्या सहज कबुली देणारा माणूस एकतर निष्पाप असतो किंवा फारच तयार. खबरदारी म्हणून दुसरं धरून चालतो.

१८ जानेवारी, रविवार

एकाच माणसावर लक्ष ठेवणं शास्त्रीय नाही. संशयित क्रमांक तीन: धर्मेश. शेडच्या मागच्या भिंतीला लागून त्याचा स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करायचा गाळा. आत्तापर्यंत तीनदा विचारलंय, अंकल, ये उडेगा क्या. सामान्य माणूस एकदा विचारतो. शिवाय सकाळी पार्टीचे फोन असतात म्हणून इंजिन धीम्या आवाजात चालवा, अशी विनंतीही त्याचीच. ती मी मान्य केली आहे, सकाळी थ्रॉटल, म्हणजे कार्बोरेटरचं दार, जेमतेम उघडतो. पण आज वाटतं, हे धीम्या आवाजाचं प्रकरण तरी नक्की काय आहे.

त्याच्या गाळ्यात पाण्याची तीन पिंपं आहेत. नोंद केली.

२० जानेवारी, मंगळवार

काल संध्याकाळी कार्बोरेटरच्या प्रत्येक स्क्रूला दोरा बांधून मेणाचं सील लावलं. सीलवर माझा अंगठा. पेट्रोलच्या कॅनला कुलूप. चावी जानव्याला.

सकाळी सगळी सील शाबूत. चालू ७.३०, बंद ७.३९. पंचनामा, स्लिपा, मग सील तोडून उघडलं. पाणी.

म्हणजे चोर माझ्या अपेक्षेपेक्षा हुशार आहे.

सुचेताला सांगितलं. तिने विचारलं, सील शाबूत असेल तर पाणी बाहेरून आलं नाही असा अर्थ होत नाही का. मी म्हटलं, तू शाळेच्या ऑफिसात असतेस, हे फील्डवर्क आहे. ती भाजी निवडत राहिली. तिचं निवडणं मला जरा जास्तच शांत वाटलं.

२३ जानेवारी, शुक्रवार

कॅमेरा बसवला. धर्मेशकडे जुना पडून होता, त्याच्याच वायफायवर जोडून दिला. क्रमांक तीनची मदत घेणं बरोबर की चूक, यावर विचार केला. आपल्याच कॅमेऱ्यासमोर कोणी गुन्हा करणार नाही. म्हणजे धर्मेश आपोआप बाद. उरला एक.

शेड बाबुरावांची आहे, पण इंजिन माझं. त्यामुळे त्यांना काहीतरी सांगणं भाग होतं. सांगितलं, मांजरासाठी बसवतोय, वायरी कुरतडते. त्यांनी लगेच घरातून शिडी आणली. मी वर चढलो तेव्हा खाली शिडी धरून उभे होते. म्हणाले, जपून, तुजा गुडगा दुखतंय ना.

गुडघा दुखतो हे मी त्यांना कधी सांगितलं होतं, आठवत नाही. म्हणजे माझ्यावरही लक्ष आहे.

२६ जानेवारी, सोमवार

सोसायटीत झेंडावंदन. सेक्रेटरींनी 'आपल्यातले एव्हिएशन एक्स्पर्ट' म्हणून माझी ओळख करून दिली. सुचेता शेजारी उभी होती. तिने पदर सारखा केला.

दुपारी तीन दिवसांचं रेकॉर्डिंग बघितलं. बाबुराव संध्याकाळी येतात. इंजिन फडक्याने पुसतात. पोतं घालतात. मग पोतं काढून स्वतःची गोधडी घालतात. मग स्टुलावर बसतात. पाऊण तास. ओठ हलतात, आवाज येत नाही. कोणाशी बोलतात? फोन तर त्यांच्याकडे दिसत नाही.

तीनदा मागे-पुढे करून बघितलं. पाणी घालताना कुठेच सापडले नाहीत. कॅमेऱ्याचा कोन चुकला असणार.

२७ जानेवारी, मंगळवार

चार दिवस उरले. सकाळचा विक्रम अजून अकरा मिनिटं. उद्या सापळा.

२८ जानेवारी, बुधवार

शक्य तितकं जसं घडलं तसं लिहितो.

धुकं होतं. खाडीकडून येतं तसं, गाळ्याचा पत्रा ओला करणारं. ७.३० ला चालू केलं. ७.४० ला आवाज खाली, धूर, बंद. मी रजिस्टर उघडलं नाही. बाबुरावांना म्हटलं, पेन विसरलो, घरून घेऊन येतो, अर्धा तास लागेल. आणि धर्मेशच्या गाळ्यात जाऊन मोबाइलवर कॅमेरा लावला.

मी दिसेनासा झाल्याबरोबर बाबुराव उठले. सरळ इंजिनाखाली वाकले. स्लिप नाही, काही नाही. हवेचा फिल्टर दोन आट्यांत काढला आणि कार्बोरेटरच्या नरड्यात खालून दोन बोटं घातली.

मी धर्मेशला साक्षीदार म्हणून ओढत नेलं. बाबुरावांनी वळून बघितलं. बोटं मिटलेली होती.

"हात दाखवा," मी म्हटलं.

त्यांनी मूठ उघडली. तळहातावर पांढरं काहीतरी होतं, किसलेल्या खोबऱ्यासारखं. धर्मेशने बोट लावलं आणि मागे घेतलं.

"अंकल, ये तो बरफ है."

मी चष्मा लावला. चष्मा लावेपर्यंत त्यातलं अर्धं पाणी झालं होतं.

बाबुराव रागावले नव्हते. उलट खूश होते, इतके दिवस मनात धरलेलं हाती लागल्यासारखे. त्यांनी माझा हात धरून कार्बोरेटरला लावला. बाहेरून थंडगार, घाम आलेला. म्हणाले, पेट्रोल आत उडतं तवा गारठा धरतं. आपल्या हाताला लागलं का नाय गार लागत, तसंच. सकाळची खाडीची हवा वली. त्या वलीचा आत बर्फ होतंय, त्यात तुजा दार जरासाच उघरा, नरडा बंद. इंजिन थांबला का खालचा डबा वरच्या तापलेल्या इंजिनानं पुन्हा गरम, बर्फाचा पानी. "तू लिवत बसतंस तवर चोर पलून जातंय."

मिठागरावरचे पंप पहाटे असेच बसायचे, म्हणाले. तेव्हा गरम पाण्याचं फडकं गुंडाळायचे. दुपारी हवा सुकली की फडकं नको. मग खिळ्याला टांगलेल्या पाइपकडे बघून म्हणाले, ह्याच्यासाठी दिलंय त्यांनी तो.

धर्मेश माझ्याकडे बघत होता. मी मोबाइलकडे. मोबाइल हातात तसाच चालू होता. त्यात शेड दिसत होती, इंजिन, आणि इंजिनाशी उभी तीन माणसं. एकाची मूठ उघडी. बाबुरावांनी ते बघितलं. मग मान वर करून कॅमेऱ्याकडे बघितलं. बराच वेळ.

"मांजर दिसली का, भाऊ?"

एवढंच म्हणाले. ओला हात लुंगीला पुसला आणि घरात गेले. चहाचे कप स्टुलावरच राहिले.

२९ जानेवारी, गुरुवार

पाइप बसवला. ७.३० चालू. ८.३० ला मीच बंद केलं. तासभर एक ठोका चुकला नाही.

गारठ्याची शक्यता मी सुरुवातीपासून विचारात घेतलीच होती. फक्त नोंद राहिली.

बाबुराव आले नाहीत. चहा नाही.

३० जानेवारी, शुक्रवार

आजही एक तास. धूर नाही, गुरगुर नाही. बाबुरावांना ऐकू जात असणारच. दहा पावलांवर घर.

आले नाहीत म्हणून मीच दारात गेलो. सून सुगंधा कामाला निघत होती. म्हणाली, बाबा चौक गावाला गेलेत, मामांकडे. त्यांच्या चपला दारातच होत्या. म्हणजे अनवाणी गेले असावेत. गावाकडच्या जुन्या माणसांना सवय असते.

उद्यासाठी भाषणाचे मुद्दे काढले. 'पद्धतशीर निर्मूलनातून निदान.'

३१ जानेवारी, शनिवार

संजना मॅडम नऊला आल्या. तिशीच्या, पायात सेफ्टी शूज. सुचेता पोहे घेऊन आली होती. धर्मेशने पॉलिश बंद ठेवून स्वतःहून मोठा आवाज करायला परवानगी दिली.

इंजिन पस्तीस मिनिटं चाललं. मॅडमनी मध्येच गरम हवेचा पाइप बंद करून बघितला, आवाज पडू लागताच उघडला, आवाज पुन्हा चढला. खूश झाल्या. म्हणाल्या, आमची मुलं हे फक्त पुस्तकात वाचतात, मुंबईच्या हवेत बर्फ धरतो यावर कोणाचा विश्वास बसत नाही. तुम्ही कसं शोधलंत, सर?

मी निर्मूलनाबद्दल बोलू लागलो. पंप, बरणी, फ्लोट, सुई. पीठ आणि सील गाळलं. मॅडम ऐकत होत्या. मग त्यांनी सहज विचारलं, क्लबमध्ये आपण कुठल्या सेक्शनला होतात. मी म्हटलं, तसा सगळ्याच सेक्शनशी संबंध यायचा.

सुचेता पोह्यांवर लिंबू पिळत होती. मान वर न करता म्हणाली,

"स्टोअरमध्ये होते. आणि बर्फ बाबुरावांनी शोधला."

आवाज चढवला नाही. भाजीवाल्याला पत्ता सांगावा तसं सांगितलं.

मॅडमनी माझ्याकडे बघितलं नाही, हे त्यांचं चांगलं वाटलं. विचारलं, बाबुराव कुठे असतात. सुचेताच त्यांना दहा पावलं घेऊन गेली. चौकला गेलेले बाबुराव दारात आले. मग दोघं तासभर इंजिनाखाली बसले होते. बाबुराव बोट दाखवून बोलत होते, मॅडम वहीत लिहीत होत्या. अधूनमधून अर्थ विचारत होत्या.

मी सोबत होतो. बाबुरावांनी नुसता हात पुढे केला की मी स्पॅनर देत होतो. कुठला लागणार ते आधीच कळत होतं. एकदाही चुकलो नाही. हे कोणाच्या लक्षात आलं नाही.

बाबुराव माझ्याशी बोलले नाहीत.

१ फेब्रुवारी, रविवार

सुचेताशी अबोला. तिच्या लक्षात आला नाही म्हणून संध्याकाळी तिला तसं सांगावं लागलं. माझी सगळ्यांसमोर शोभा केलीस, म्हटलं. ती म्हणाली, एकतीस वर्षं तुम्ही स्टोअरमध्ये होतात आणि मला एक दिवसही त्याची लाज वाटली नाही. तुम्हाला कधीपासून वाटायला लागली?

याला उत्तर होतं. तेव्हा सुचलं नाही. अजूनही शोधतोय.

३ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी ११

कॅमेरा काढला. शिडी धरायला कोणी नव्हतं. गुडघा दुखला.

मग बाबुरावांच्या ओट्यावर गेलो. ते जाळं विणायची सुई कशावर तरी घासत बसले होते. मी म्हटलं, कॅमेरा काढला. बरं, म्हणाले. मी म्हटलं, धर्मेशला परत दिला. बरं. मग हवेचा विषय काढला. हवा बरी आहे, यावर आमचं एकमत झालं. घरी जायला उठलो, पायरी उतरलो, पुन्हा चढलो.

"बाबुराव, मला वाटलं, तुम्हीच पाणी घालताय."

त्यांनी सुई खाली ठेवली.

"मना म्हाईत हाय. पीठ टाकलंस तवाच म्हाईत झाला." मग म्हणाले, "मी पोतं घालाया आलो नसतो, तर कोनाची पावलं बघनार व्हतास?"

 ते आत गेले. मला वाटलं, आता येणार नाहीत. भांड्याचा आवाज आला. चहा घेऊन आले. दोन कप.

माझ्या कपात साखर नव्हती. विसरले असतील. मुद्दामही असेल. पूर्ण प्यायलो.

७ फेब्रुवारी, शनिवार

इन्स्टिट्यूटचा टेम्पो आला, इंजिन नेलं. धर्मेश नारळ घेऊन आला होता. शेड एकदम मोठी दिसायला लागली. बाबुराव लोखंडी घोड्याची जागा झाडत होते. तिथे तेलाचा काळा डाग आहे, तो निघत नाही. नको निघू दे, म्हणाले.

मॅडमचं पत्र पण आलं. बाबुरावांच्या नावाने. दर शनिवारी दोन तास, मुलांना दोष शोधायला शिकवायला यावं. सुगंधाने वाचून दाखवलं. बाबुराव म्हणाले, मना मास्तर व्हायला कुटं येतंय, आणि इतक्या लांब नेनार कोन, रिक्षात मना वांती व्हते.

 मग मी म्हटलं, माझी स्कूटर आहे.

माझ्या पत्राची वाट बघतोय. टपाल खात्याचा काही भरवसा नाही.

१४ फेब्रुवारी, शनिवार

बाबुरावांना मुलाच्या लग्नातला शर्ट. हायवेवर त्यांनी दोन्ही हातांनी माझे खांदे धरले होते, उतरल्यावर खांदे दुखत होते. गेटवर वॉचमनने रजिस्टर पुढे केलं. त्याने स्वतःच लिहिलं: बाबुराव भोईर, फॅकल्टी. माझं नाव विचारलं नाही. खाली लिहिलं: साथ में एक.

हे चुकून झालेलं दिसतं. पुढच्या वेळी दुरुस्त करून घेईन.

२१ फेब्रुवारी, शनिवार. सकाळी १०.२०. पार्किंग

आजही साथ में एक. दुरुस्त करून घेणार होतो, मागे गाड्यांची रांग होती.

लॅब पहिल्या मजल्यावर. खिडकी उघडी आहे. इंजिन चालू केलं. दहा मिनिटांनी आवाज खाली यायला लागला. बाबुरावांनी मुद्दाम पाइप बंद केला असणार. बंद पडलं. मग मुलांचा गलका, मग सगळे एकदम गप्प. कोणीतरी आत बोटं घातली असतील. मग हसणं. मग बाबुरावांचा आवाज, शब्द कळत नाहीत.

मी वर बघत होतो, तर वॉचमन खुर्ची घेऊन शेजारी बसला. विडी नको म्हटलं. तो पण वर बघायला लागला. म्हणाला, ये बाबा बहुत जानता है. मी म्हटलं, हो. मग त्याने विचारलं, आपको भी इंजिन का कुछ आता है क्या?

माझ्याजवळ उत्तर तयार होतं. एकतीस वर्षांचं.

नाही, म्हटलं.

त्याने मान हलवली आणि खुर्ची जरा सावलीत ओढली. मला जागा करून दिली.